क्रिप्टो एक्स्चेंजच्या लाईव्हमध्ये बक्षीस द्यायचं तर कशासाठी द्यायचं

भाऊ, तुझा प्रश्न थोडक्यात असा की तू आर्णीकडच्या गावातून एका एक्स्चेंजच्या, म्हणजे क्रिप्टो घ्यायच्या-विकायच्या ॲपवर मराठीत लाईव्ह घेतो, रात्री अडीच-तीनशे लोक येतात, शेवटी तू रिवॉर्डचा कोड (जो ॲपमध्ये पहिले भरेल त्याला बक्षीस) स्क्रीनवर टाकला की दोन मिनिटात वीस-पंचवीसच उरतात आणि चॅटमध्ये पूर्ण वेळ "कोड कधी" याच्याशिवाय काही येत नाही. मग बक्षीस वाढवू का बंद करू, आणि ॲपवाले म्हणून राहिले की ट्रेड करणाऱ्यालाच बक्षीस दे, ते ऐकू का. मी बरीच वर्षं एका एक्स्चेंजच्या कम्युनिटी टीममध्ये हेच काम केलंय, लाईव्हचं शेड्यूल, रिवॉर्डचं बजेट, जिंकणाऱ्यांच्या याद्या सगळं. आता यवतमाळ जिल्ह्यातच राहतो, पोट्ट्यांचे क्रिप्टोचे हिशोब आणि बँकेत अडकलेली खाती बघतो. दोन्ही बाजू पाहिल्यात म्हणून लांबलचक लिहून राहिलो, निवांत वाच.

आधी सरळ उत्तर, बक्षीस वाढवू नको. तुझ्याकडे माणसं थांबत नाहीत कारण तुझं बक्षीस थांबण्यासाठी ठेवलेलंच नाही, ते कोड लवकर टाकण्यासाठी ठेवलंय. रक्कम दुप्पट केली तर कोड लवकर टाकणारे दुप्पट येतील, ऐकणारा एकही वाढणार नाही. कोड स्क्रीनवर आला की काही सेकंदात तो टेलिग्रामच्या ग्रुपवर जातो, तिथे फक्त कोड गोळा करणारे हजारो लोक बसलेले असतात, त्यांनी तुझं तोंडही पाहिलेलं नसतं. कोडमागचं बक्षिसाचं पाकीट पन्नास जणांत वाटायचं असो की पाचशेत, त्यातलं बरंचसं तिकडेच संपते. वीस-पंचवीस उरले म्हणतो ना, ते तुझे खरे श्रोते, आणि दुःखाची गोष्ट ही की बहुतेक वेळा त्यांनाच काही मिळत नाही.

काहून मिळत नाही तेही सांगतो, ॲपवाले हे स्वतःहून सांगणार नाहीत. लाईव्ह म्हणजे त्याच क्षणी दिसते असं नसते. तुझ्या फोनवरून व्हिडिओ सर्व्हरवर जातो, तिथे त्याचे तुकडे होतात, मग बघणाऱ्याच्या फोनवर थोडे तुकडे आधी साठतात आणि मग चालू होतात, यात पाच-दहा सेकंद सहज जातात, नेटवर्क कमजोर असलं तर अर्धा मिनिटही जातो. पुण्यात फायबरवर बसलेल्याला कोड आधी दिसतो आणि वावरात मोटर चालू करायला गेलेला कास्तकाराचा पोरगा एका दांडीच्या नेटवर्कवर पाहून राहिला असेल तर त्याला दिसेपर्यंत "सर्व पाकिटे संपली" असं येते. म्हणजे जो पहिला त्याला बक्षीस हा नियम आपल्या भागातल्या माणसाच्या विरोधातच जातो. तुझं लाईव्ह जर आपल्या लोकांसाठी असेल तर हा प्रकार पहिले बंद कर.

ही पाकिटाची पद्धत आली कुठून तेही समजून घे. चीनमध्ये नवीन वर्षाला घरचे मोठे लोक लाल पाकिटात पैसे देतात, वीचॅटने २०१४ मध्ये ते मोबाईलवर आणलं, ग्रुपमध्ये पाकीट टाकायचं आणि सगळ्यांनी झटपट उघडायचं, कोणाला किती येईल ते नशिबावर. एक्स्चेंजवाल्यांनी तेच उचललं. पण वीचॅटच्या ग्रुपमध्ये मामा, काका, ऑफिसातले लोक असतात, सगळे ओळखीचे. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल सजवून दारोदार नेतात, आपण बोजारा देतो, तसंच ते, देणारा पोराला ओळखतो आणि पोरानं बैल सजवलेला असतो. एक्स्चेंजच्या लाईव्हमध्ये ना ओळख ना बैल, फक्त बोजाऱ्यासाठी धावणारे अनोळखी लोक. म्हणून तिथे ती पद्धत जशीच्या तशी लावली की गर्दी होते आणि ओळख होत नाही.

आता काय करायचं. कोड स्क्रीनवर टाकणं बंद कर, त्याऐवजी मध्ये मध्ये प्रश्न विचार, आणि प्रश्न असा पाहिजे की ज्यानं मागची दहा मिनिटं ऐकली त्यालाच उत्तर येईल. "बिटकॉइन एकूण किती" असा प्रश्न नको, २ कोटी १० लाख हे सर्च करून कोणीही सांगेल. तुझ्या बोलण्यातला प्रश्न पाहिजे, म्हणजे "मी आत्ता जे उदाहरण दिलं त्यात त्या माणसाच्या हातात शेवटी किती रुपये राहिले". उत्तर द्यायला दहा मिनिटं दे, पंधरा दे, घाई ठेवूच नको, आणि बरोबर उत्तरांमधून सोडतीने नावं काढ. उत्तरं चॅटमध्ये मागू नको, एकानं लिहिलं की बाकीचे कॉपी करतात, ॲपमध्ये फॉर्म किंवा क्विझचा पर्याय असेल तो वापर. सोडतीत भाग घ्यायला एक रुपयाही घ्यायचा नाही, घेतला की लॉटरीच्या कायद्यात जाशील. आणि मोठं बक्षीस ठेवायचंच असेल तर १०,००० रुपयांच्या वर गेलं की ३० टक्के टीडीएस लागतो, वस्तू दिली तरी तो कर आधी भरल्याशिवाय वस्तू हातात देता येत नाही, म्हणून लहान लहान बक्षिसंच बरी.

वेळ सांगून ठेवू नको, "शेवटी बक्षीस आहे" म्हटलं की लोक शेवटीच येतात. आणि आठवड्यातून एक लाईव्ह पूर्णपणे बिनबक्षिसाचं घे, आधीच सांगून. त्या दिवशी जेवढे येतात तो तुझा खरा आकडा, बाकी कोणताही आकडा बघून खुश होऊ नको. सरासरी किती मिनिटं लोक बसले, मागच्या वेळचे किती परत आले आणि चॅटमध्ये कोड सोडून किती खरे प्रश्न आले, हे तीन मी पाहायचो, एकूण व्ह्यूजकडे मी लक्षच द्यायचो नाही. बिनबक्षिसाच्या दिवशी चाळीस आले आणि दोन महिन्यांनी साठ येऊन राहिले तर तुझं काम जमलं असं समज.

वेळेचं म्हणशील तर रब्बीत हरभरा-गव्हाच्या पाण्यासाठी लाईनीची रात्रपाळी असली की लोक वावरात असतात, कापूस वेचणीच्या दिवसात लवकर झोपतात, तेव्हा लाईव्ह अर्ध्या तासाचं कर आणि रेकॉर्डिंगवरही तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उघडा ठेव. माझ्या अनुभवात या एका गोष्टीनं गावातले लोक सगळ्यात जास्त टिकतात.

बक्षीस कशाचं द्यायचं हा भाग लोक हलक्यात घेतात. समज ५० यूएसडीटीचं (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो कॉइन) पाकीट ५०० जणांत वाटलं, माणशी ०.१ यूएसडीटी, रुपयात आठ-नऊ रुपये. एवढे बाहेर काढायचे म्हटलं तर काढण्याची किमान मर्यादा आणि नेटवर्कची फी त्याच्यापेक्षा जास्त असते, म्हणजे ते पैसे ॲपमध्येच पडून राहतात आणि मग माणूस विचार करतो की अजून थोडे टाकून काहीतरी घेऊन पाहू. एक्स्चेंजला तेच पाहिजे असते, चूक-बरोबर नंतर बघू, पण तुला हे माहीत असलं पाहिजे. त्यापेक्षा दहा जणांना मोबाईल रिचार्ज दे, लोकांच्या उपयोगाचा आहे, लगेच मिळतो, त्यात अडकणं नाही. आणि नाव घे, राजेहो नाव घ्या लोकांचं! "घाटंजीच्या ताईंनी बरोबर सांगितलं" एवढं लाईव्हमध्ये म्हटलेलं आपल्या माणसाला आठ रुपयांपेक्षा कितीतरी मोठं वाटते, पुढच्या वेळी ती बाई भावाला घेऊन बसते.

फ्युचर्सचं, म्हणजे पुढच्या भावावर उधारीच्या जोरावर लावायच्या सौद्यांचं, बोनस व्हाउचर मात्र वाटू नको, कितीही आग्रह झाला तरी. ते कसं चालते ते सांगतो. १० डॉलरचा बोनस दिसतो पण तो काढता येत नाही, त्याच्यावर ट्रेड करून झालेला फायदाच काढता येतो, त्याला मुदत असते, मुदतीच्या आत वापरायचा म्हणून नवखा माणूस घाईत २० पट लिव्हरेज लावतो, म्हणजे स्वतःच्या रकमेच्या २० पट सौदा करतो, आणि २० पटीवर भाव ५ टक्के उलटा गेला की सगळी रक्कम गेली, खरं म्हणजे ५ टक्क्याच्या थोडं आधीच लिक्विडेशन होते, म्हणजे ॲप सौदा आपोआप बंद करते. क्रिप्टोत ५ टक्के हालचाल ही दुपारच्या जेवणापर्यंतही होऊ शकते. शेअर बाजाराच्या एफ अँड ओवर (फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे) सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास दिला, तीन वर्षांत १ कोटीपेक्षा जास्त साध्या ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. तो बाजार तर सेबीच्या नजरेखाली आहे. क्रिप्टो फ्युचर्सवर तशी कोणाची नजर नाही आणि तिथे तू सोयाबीनचा चुकारा खिशात घेऊन बसलेल्या पोराला फुकटचं व्हाउचर देणार, हे मला पटत नाही.

ट्रेड करेल त्यालाच बक्षीस, या मागणीचा हिशोब करून दाखवतो, तू ॲपवाल्यांनाही हाच दाखव. टास्क असा की १०,००० रुपयांचा व्हॉल्यूम (खरेदी-विक्रीची एकूण उलाढाल) करा आणि ४० रुपयांचं टोकन मिळवा. पोराकडे हजार रुपये आहेत, तो पाच वेळा घेतो पाच वेळा विकतो, झाला १०,००० चा व्हॉल्यूम. विक्री झाली ५,००० ची, १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस आहे, ५० रुपये तिथे कापले. फी समज ०.२ टक्के, १०,००० वर २० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. ४० रुपयांसाठी ७३-७४ रुपये गेले, भावातला फरक वेगळा. टीडीएस रिटर्न भरून परत मागता येतो, मान्य, पण ५० रुपयांसाठी कोणता पोरगा रिटर्न भरते. आणि आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही म्हणून कितीतरी घरात रिटर्न हा विषयच कधी आलेला नसतो, पोराच्या पॅनवर टीडीएस दिसून राहिला आणि घरात कोणालाच पत्ता नाही अशी प्रकरणं माझ्याकडे येतात.

त्यात पुन्हा १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के सेस, आणि एका ट्रेडचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. एका ट्रेडमध्ये ५०० कमावले, दुसऱ्यात ५०० घालवले, हातात शून्य, तरी १५६ रुपये कर लागतो. टास्कसाठी दहा-वीस ट्रेड करणाऱ्याला हे कोणीच सांगत नाही. तू सांग. हाच विषय घेऊन एक पूर्ण लाईव्ह होते आणि त्याच्यावर प्रश्नही चांगले विचारता येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यामुळे मी एवढं टाइप करायला बसलो. पैसे भरण्याचा टास्क दिला की परदेशी ॲपवर रुपये टाकायला आणि काढायला बहुतेक जण पी टू पी वापरतात, म्हणजे समोरचा अनोळखी माणूस तुमच्या यूपीआयवर पैसे टाकतो आणि तुम्ही त्याला यूएसडीटी सोडता. तो पैसा कोणाच्या फसवणुकीतला असला तर? ज्याची फसवणूक झाली तो १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करतो, पैशाचा माग काढत काढत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि बँक रक्कम रोखते, कधी पूर्ण खातंच गोठवते. यासाठी आधी फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या कायद्याचं, सीआरपीसीचं कलम १०२ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्याचं, बीएनएसएसचं १०६. पोलीस ठाणं दुसऱ्याच राज्यातलं असते, बोलायची भाषा वेगळी.

दिग्रसकडच्या एका घरात असंच झालं. पोरगा बापाच्या खात्याचं यूपीआय वापरत होता, लाईव्हवाल्याने सांगितलं म्हणून टास्क पूर्ण करून यूएसडीटी विकले, रक्कम काही हजारांची. खातं बंद. त्याच खात्यात पीएम किसानचे २,००० येतात, त्याच खात्यात सोयाबीनचे पैसे, आणि दिवस पेरणीचे. बाप रोज बँकेत जाऊन बसायचा, मॅनेजर म्हणे वरून आहे, आमच्या हातात काही नाही. त्या माणसाला बिटकॉइन शब्द माहीत नव्हता. बियाणं शेवटी उधारीवर घेतलं, आणि उधारीचा भाव काय असतो ते तुला सांगायला नको.

असं कोणाचं झालं तर बँकेकडून तक्रारीचा नंबर, पोलीस ठाण्याचं नाव आणि वादातली नेमकी रक्कम लेखी मागायची, ऑर्डरचा स्क्रीनशॉट, चॅट, समोरच्याचं ॲपवरचं नाव, कॉइन सोडल्याचा व्यवहार क्रमांक सगळं जोडून त्या ठाण्याला ईमेल करायचा आणि रजिस्टर पोस्टही, आणि विनंती हीच करायची की वादातली रक्कम तेवढी थांबवा, बाकी खातं मोकळं करा. वेळ लागतो पण कागद पूर्ण असले तर होते. ही माहिती तुझ्या लाईव्हच्या माहितीत कायमची लिहून ठेव. आणि शेतीचे, सरकारी योजनेचे पैसे येतात त्या खात्याला क्रिप्टोचा हात लागू द्यायचा नाही, हे प्रत्येक लाईव्हमध्ये सांग, लोकांना कंटाळा आला तरी सांग.

याच्यासोबत अजून एक लागून येते. बक्षीस एका केवायसीला एकदाच असते, म्हणून पोट्टे आजीचं आधार, मावशीचं पॅन घेऊन चार-चार खाती काढतात. मग त्यातलं एखादं खातं कोणीतरी "भाड्याने" मागते, महिन्याला अमुक देतो म्हणते. त्या खात्यातून काय फिरलं ते आजीला विचारायला पोलीस येतात. एका घरातून, एका फोनवरून आलेल्या पाच-पाच एंट्री दिसल्या तर बक्षीस देऊ नको आणि काहून दिलं नाही ते मोकळेपणाने सांग. अठरा वर्षांखालच्या पोरांना तर अजिबात नाही.

फसवणुकीचं म्हणशील तर लाईव्ह आणि बक्षीस हे दोन शब्द एकत्र आले की चोर येतातच. १५ जुलै २०२० ला ट्विटरवर ओबामा, बिल गेट्स, मस्क यांची खाती हॅक करून "पाठवा, दुप्पट देतो" असं टाकलं तर काही तासांत लाखभर डॉलरच्या वर बिटकॉइन गेले. २० सप्टेंबर २०२४ ला आपल्या सुप्रीम कोर्टाचं यूट्यूब चॅनेल हॅक होऊन त्यावर एक्सआरपी नावाच्या क्रिप्टो कॉइनचा व्हिडिओ चालू होता. सुप्रीम कोर्टाच्या चॅनेलचं होऊ शकते तर तुझ्या नावाचं बनावट चॅनेल काढायला काय लागते. तुझा फोटो लावून कोणीतरी विजेत्याला मेसेज करणार की भाऊ अभिनंदन, बक्षिसासाठी ५०० रुपये प्रोसेसिंग भरा. म्हणून विजेत्याचा पूर्ण यूआयडी (ॲपवरचा खाते नंबर) स्क्रीनवर दाखवू नको, शेवटचे चार आकडे बस. बक्षीस ॲपच्या आतच दे, रिचार्ज असेल तर नंबर ॲपच्या फॉर्ममध्येच घे, आणि सुरुवातीलाच सांग की मी कोणाला खाजगी मेसेज करत नाही, ओटीपी, स्क्रीन शेअर, क्रिप्टोचं वॉलेट उघडणारे बारा-चोवीस गुप्त शब्द कोणालाही द्यायचे नाहीत, मी मागितले तरी नाही.

तुझ्या स्वतःच्या बाजूचंही दोन शब्दात. ज्या एक्स्चेंजवर लाईव्ह घेतो ते एफआययूकडे (संशयास्पद पैशाच्या व्यवहारांवर नजर ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) नोंदलेलं आहे का पहा, मार्च २०२३ पासून हे सगळे मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आलेत, डिसेंबर २०२३ मध्ये बायनान्ससकट नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा गेल्या होत्या, बायनान्सला नंतर १८.८२ कोटी आणि बायबिटला ९.२७ कोटी दंड झाला आणि मग नोंदणीने त्यांचं काम सुरू झालं. नोंदणी आहे म्हणजे पैसे सुरक्षित असा अर्थ लोकांना सांगू नको, नोंदणी फक्त मनी लाँडरिंगच्या नियमांसाठी आहे. तुला कमिशन किंवा मानधन मिळते ते तोंडाने सांग. जाहिरातींची संस्था एएससीआय, तिचे नियम एप्रिल २०२२ पासून आहेत, क्रिप्टो अनियंत्रित आहे, धोका मोठा आहे, नुकसान झालं तर दाद मागायला जागा नसेल, ही सूचना दोन मिनिटांपेक्षा मोठ्या व्हिडिओत सुरुवातीला आणि शेवटी द्यायची असते. मराठीत, हळू, समजेल असं वाच. आणि प्रेक्षकांनी तुला गिफ्ट पाठवायची सोय असते ना, तिथे कोणी किती दिलं याची यादी स्क्रीनवर येते, ती सेटिंगमधून बंद कर, गावातले दोन पोरं एकमेकांच्या वर जायला घरचे पैसे टाकतात, मी पाहिलंय.

ॲपवाल्यांना काय म्हणशील? त्यांना आकड्यात सांग, भावनेत सांगू नको. तीन आठवडे मागून घे. पहिल्या आठवड्यात जुनीच कोडची पद्धत, दुसऱ्यात प्रश्न आणि सोडत तेवढ्याच बजेटमध्ये, तिसऱ्यात बजेट अर्धं करून रिचार्ज. तिन्हीचे बसलेले मिनिटं आणि परत आलेले लोक त्यांच्यासमोर ठेव, त्यांच्याकडे हा डेटा आधीच असतो, फक्त कोणी मागत नाही. तरीही ते ट्रेडवर आणि डिपॉझिटवरच अडले तर तू तुझं लाईव्ह यूट्यूबवर घे, बक्षिसाशिवाय घे, सुरुवातीला पंधरा लोक येतील. पहिला विषय पी टू पी आणि बापाचं खातं हाच ठेव. काही अडलं तर इथेच विचार, आणि कोणाचं खातं थांबलेलं असेल तर आधी बँकेचं ते लेखी पत्र घेऊन ये, मग पुढचं बघता येते.